दातांच्या उपचारासाठी गुंगी आणि पूर्ण भूल: निर्णयापासून घरी परतेपर्यंत

पालक माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा निर्णय अर्धा झालेला असतो. चार वर्षांच्या मुलीच्या आठ दाढा किडलेल्या आहेत, रात्री ती दुखण्याने रडत उठते, दंतवैद्यांच्या खुर्चीवर दोनदा बसवून पाहिले पण तिने तोंडच उघडले नाही, आणि शेवटी भूल देऊन एकाच वेळी सगळे दात करून घ्यावेत असे ठरले. मी इंदुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. या टप्प्यावर आईवडील, आणि बरेचदा सोबत आलेले आजीआजोबा, मला दोन प्रश्न विचारतात: मूल नीट शुद्धीवर येईल ना, आणि पूर्ण भूल देण्यापेक्षा नुसत्या गुंगीवर भागणार नाही का. पहिला प्रश्न काळजीपोटी येतो आणि निरोगी मुलाच्या बाबतीत त्याचे उत्तर आश्वासक असते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र अधिक वेळ द्यावा लागतो, कारण त्याच्या तळाशी एक पक्की समजूत असते की गुंगी म्हणजे थोडे औषध आणि म्हणून थोडा धोका. माझ्या मते धोका औषधाच्या नावापेक्षा, काम चालू असताना रुग्णाच्या श्वासाकडे कोण पाहत आहे, यावर अधिक ठरतो. पुढील सर्व मजकूर त्याच दृष्टीने लिहिला आहे.

बधीर करणे, गुंगी आणि पूर्ण भूल

मराठीत आपण या सगळ्याला सरसकट ‘भूल’ म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. हिरडीत इंजेक्शन देऊन दात बधीर करतात तेव्हा रुग्ण पूर्ण जागा असतो. फक्त तेवढ्या भागाच्या नसा दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचवत नाहीत. दात काढणे, रूट कॅनाल, कॅप बसवणे ही मोठ्यांची बहुतेक कामे एवढ्यावर होतात आणि तशीच व्हावीत.

गुंगी ही एक पायरी नसून एक उतार आहे. सर्वांत वरच्या टोकाला रुग्ण शांत होतो, पण विचारलेल्याला नीट उत्तर देतो. थोडे खाली गेल्यावर तो डोळे मिटतो, मात्र हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की प्रतिसाद देतो. आणखी खाली गेल्यावर तो केवळ जोराने हलवले किंवा दुखावले तरच हालचाल करतो आणि श्वासाला मदत लागू शकते. सर्वांत खाली पूर्ण भूल, जिथे रुग्णाला जागे करता येत नाही आणि श्वासाची जबाबदारी भूलतज्ज्ञाने घेतलेली असते. या उतारावर रुग्ण ठरवलेल्या जागी थांबेलच असे नसते. एकाच मात्रेने एक मूल नुसते शांत बसते तर दुसरे गाढ झोपते. म्हणून हलकी गुंगी देणाऱ्याकडेही, रुग्ण ठरवल्यापेक्षा खोल गेला तर त्याचा श्वास सांभाळण्याची तयारी असलीच पाहिजे.

दातांच्या कामात यात आणखी एक अडचण असते. पोटाच्या किंवा हाताच्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक आपल्या जागी आणि श्वासाची वाट वेगळी. इथे मात्र दंतवैद्यांची अवजारे, पाण्याचा फवारा, कापसाचे बोळे, दाताचे तुकडे आणि रुग्णाचा श्वास हे सगळे एकाच तोंडातून ये-जा करतात. गाढ गुंगीत जीभ मागे पडते, गिळण्याची आणि ठसक्याची क्रिया मंदावते, आणि फवाऱ्याचे पाणी घशात उतरू शकते. पूर्ण भूल देताना आम्ही बहुधा नाकातून श्वासनलिकेत नळी घालतो आणि घशात ओल्या गॉजची पट्टी ठेवतो, त्यामुळे ही वाट बंदिस्त राहते. आठ-दहा दातांचे लांबलेले काम असेल, तर नळीविना दिलेल्या खोल गुंगीपेक्षा व्यवस्थित ऑपरेशन थिएटरमध्ये दिलेली पूर्ण भूल मला अधिक निर्धास्त वाटते, आणि पालकांना हे ऐकून आश्चर्य वाटते.

कोणाला काय लागते

मोठ्या माणसाला पूर्ण भूल क्वचितच लागते. हाडात खोल रुतलेल्या अक्कलदाढा एकाच वेळी काढायच्या असतील, जबड्याला गाठ किंवा मार असेल, तोंडात आरसा नेला तरी उबळ येत असेल, दातांच्या उपचाराची भीती इतकी पराकोटीची असेल की माणूस वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतो, किंवा कंपवात, मतिमंदत्व, स्वमग्नता अशा कारणांनी रुग्णाला स्थिर राहता येत नसेल, तर गुंगीचा किंवा पूर्ण भुलीचा विचार करावा. केवळ ‘सुई नको वाटते’ एवढ्यासाठी नव्हे. त्यासाठी आधी चांगला, धीराने बोलणारा दंतवैद्य शोधावा.

लहान मुलांचे गणित निराळे आहे. ‘दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला भूल?’ असे घरातील वडीलधारे म्हणतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात, आणि चौथ्या वर्षी किडलेली दाढ तोवर पुरणार नाही. ती पू धरते, मूल जेवत नाही, झोपत नाही. एक-दोन दातांचे काम असेल आणि मूल ऐकणारे असेल तर दोन-तीन वेळा बोलावून, खुर्चीची ओळख करून देऊन, हिरडी बधीर करून काम होते. तोंडाच्या चारही बाजूंना कीड असेल तर बधीर करण्याच्या औषधालाही वजनाप्रमाणे मर्यादा असते. १५ किलोच्या मुलाला प्रतिकिलो ४.४ मिलिग्रॅम या हिशेबाने लिग्नोकेन ६६ मिलिग्रॅमपर्यंतच चालते; २ टक्क्यांच्या औषधात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असल्याने ते अवघे ३.३ मिलिलिटर झाले. चारही बाजू एका बैठकीत बधीर करायच्या तर ही मर्यादा हां हां म्हणता गाठली जाते. अशा वेळी पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सर्व काम उरकणे हा सरळ मार्ग ठरतो.

भुलीचा लहान मुलाच्या मेंदूवर परिणाम होतो का, हेही पालक हल्ली विचारतात आणि तो विचारण्याजोगाच प्रश्न आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ साली इशारा दिला तो तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक वेळ किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल होता. तान्ह्या बाळांना एकदाच, तासाभराहून कमी वेळ दिलेल्या भुलीचा नंतर पाचव्या वर्षी तपासणीत दोष आढळला नाही, असे अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासाने दाखवले आहे. म्हणून माझा सल्ला असा: मूल तीन वर्षांखालील असेल आणि दुखणे, सूज, ताप नसेल तर थांबता येईल का हे दंतवैद्यांना विचारावे; आणि भूल द्यायचीच असेल तर सगळे काम एकाच खेपेत बसवावे, म्हणजे पुन्हा भूल देण्याची वेळ येणार नाही.

गुंगीची औषधे कशी वागतात

नायट्रस ऑक्साइड हा वायू आणि दंतवैद्यक यांचे नाते जुने आहे. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू हुंगून स्वतःचाच दात सहकाऱ्याकडून काढवून घेतला. आजही नाकावर छोटा मास्क ठेवून, प्राणवायूत मिसळून तो देतात. यंत्रांत ३० टक्क्यांहून कमी प्राणवायू जाणार नाही अशी सोय असते, आणि साध्या हवेत तो सुमारे २१ टक्केच असतो. रुग्ण जागा राहतो, हातापायांना मुंग्या आल्यासारखे आणि हलके वाटते, आणि शेवटी पाच मिनिटे शुद्ध प्राणवायू दिला की परिणाम ओसरतो. मात्र मुलाने नाकाने श्वास घ्यायला हवा. सर्दीने नाक चोंदलेले असेल किंवा मूल मास्क लावूच देत नसेल तर याचा उपयोग नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, आणि नुकतीच कानाच्या पडद्याची किंवा डोळ्यात वायू भरून पडद्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास तो टाळतात.

आपल्याकडील शाकाहारी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. हा वायू शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. निरोगी माणसाला थोड्या वेळाच्या वापराने काही होत नाही, पण ज्याचे ब-१२ आधीच फार कमी आहे, ज्याला पायांना सतत मुंग्या येतात, रक्त कमी आहे, किंवा जो मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतो, त्याने ते आधी सांगावे.

तोंडाने देण्याच्या औषधांत मिडॅझोलॅम नेहमीचे. ते चवीला कडू असते, गोड पाकात मिसळून देतात, वीस ते तीस मिनिटांत परिणाम दिसतो, आणि नंतर मुलाला खुर्चीवरचे फारसे आठवत नाही. त्याचा तोटा असा की पोटात गेलेली मात्रा परत घेता येत नाही आणि थेंबाथेंबाने वाढवताही येत नाही. काही मुले शांत होण्याऐवजी उलट चिडतात, आरडाओरडा करतात. हा औषधाचाच परिणाम आहे, मुलाचा हट्ट नव्हे. शिरेतून औषध देताना मात्रा हळूहळू वाढवता येते आणि मिडॅझोलॅमवर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल हे औषधही असते, म्हणून मोठ्यांसाठी हा मार्ग चांगला. प्रोपोफॉल, केटामीन यांसारखी औषधे गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यातली सीमा क्षणात ओलांडतात. ती फक्त भूलतज्ज्ञाने द्यावीत.

झोपेचे सिरप घरूनच पाजून आणण्यास कोणी सांगितले तरी ते करू नये. औषधाचा परिणाम मग गाडीत, ट्रॅफिकमध्ये, आईच्या मांडीवर सुरू होतो, जिथे मान खाली पडून श्वास अडला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. गुंगीचे औषध जिथे काम होणार तिथेच, वजन करून, आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून द्यावे.

दवाखाना निवडताना विचारायचे प्रश्न

पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न: भूल कोण देणार, आणि काम संपेपर्यंत ते दुसरे काही करणार आहेत का? दात करणारा आणि श्वास पाहणारा ही दोन वेगळी माणसे असावीत. दंतवैद्य कितीही कुशल असले तरी त्यांची नजर दाताच्या मुळाशी गुंतलेली असते आणि तशीच ती असायला हवी. भूलतज्ज्ञ एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.ए. झालेले असावेत, त्यांची भेट आधी व्हावी, आणि मूल शुद्धीवर येऊन घरी पाठवण्याजोगे होईपर्यंत ते तिथेच थांबणार याची खात्री करून घ्यावी. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाणारे आमच्यासारखे लोक घाईत असतात, आणि ‘डॉक्टर, आपण शेवटपर्यंत थांबणार ना?’ असे कोणी स्पष्ट विचारले तर मला त्याचा राग येत नाही, उलट बरे वाटते.

दुसरा प्रश्न यंत्रांचा. ऑक्सिमीटर सर्वत्र दिसतो, पण प्राणवायू चालू असताना सॅचुरेशनचा आकडा हा उशिरा येणारा निरोप असतो. श्वास थांबल्यावरही तो काही काळ ९९ दाखवत राहतो. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारे कॅप्नोग्राफ यंत्र श्वास थांबल्याचे काही सेकंदांतच दाखवते. मुलांमध्ये याचे महत्त्व अधिक, कारण वजनाच्या मानाने मुलाला मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट प्राणवायू लागतो आणि साठा लवकर संपतो. खोल गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची असेल तर हे यंत्र तिथे आहे का, हे विचारावे. त्याबरोबरच प्राणवायूचा जास्तीचा सिलिंडर, वीज गेली तरी चालणारे सक्शन, मुलांच्या मापाचे मास्क आणि नळ्या, हृदयाला झटका देणारे यंत्र, आणि गरज पडल्यास कोणत्या रुग्णालयात किती मिनिटांत नेणार, हेही विचारावे. ब्रिटनमध्ये २००१ सालच्या अखेरीपासून दातांसाठी पूर्ण भूल फक्त अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयातच देण्याचा नियम झाला. माझेही मत तेच आहे: पूर्ण भूल रुग्णालयात द्यावी, दाताच्या खुर्चीवर नव्हे.

खर्चाबद्दल थोडक्यात. रुग्णालयाचे, भूलतज्ज्ञांचे आणि दंतवैद्यांचे शुल्क वेगवेगळे लिहून मागावे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये अपघात वगळता दातांचे उपचार बसत नाहीत, म्हणून विम्यावर विसंबण्यापूर्वी कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. खाजगी खर्च झेपणारा नसेल तर शासकीय दंत महाविद्यालयात आणि इंदूरच्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. खरगोन, बऱ्हाणपूर अशा लांबच्या गावांहून येणाऱ्यांनी त्या रात्री परत निघू नये. इंदुरात नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

भूलतज्ज्ञापासून काही लपवू नये

आधीच्या तपासणीत आम्ही जे विचारतो ते रकाने भरण्यासाठी नसते. मूल रात्री घोरते का, झोपेत तोंड उघडे ठेवते का, मधूनच श्वास थांबून दचकून उठते का? टॉन्सिल आणि अॅडिनॉइड वाढलेल्या मुलाचा गुंगीत श्वास लवकर अडतो. दमा आहे का, पंप कधी लागला? हृदयात आवाज असल्याचे कोणी कधी सांगितले होते का? घराण्यात कोणाला भूल दिल्यावर अतोनात ताप चढला किंवा शुद्धीवर यायला फार वेळ लागला होता का? हलणारा दुधाचा दात असेल तर तोही दाखवावा, कारण नळी घालताना तो सुटून घशात जाऊ शकतो. ताप, कफ, हिरवट शेंबूड असेल तर दोन ते चार आठवडे पुढे ढकलणे योग्य. ठरलेल्या दिवसासाठी रजा काढली आहे म्हणून खोकला लपवू नये.

मोठ्यांच्या बाबतीत इंदूर आणि माळव्यात सर्वांत जास्त दडवली जाणारी गोष्ट म्हणजे सुपारी आणि गुटखा. वर्षानुवर्षे सुपारी चघळल्याने गालांची आतील त्वचा पांढरी, ताठ दोरीसारखी होते आणि तोंड हळूहळू मिटत जाते. माणसाला हे जाणवतही नाही. तो फक्त मोठा घास टाळू लागतो, पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. घरी एक साधी चाचणी करावी: स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालावीत. तीन बोटे सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगावे, आणि एकच जात असेल तर साध्या दवाखान्यात कोणतीही गुंगी घेऊ नये. अशा रुग्णाचा श्वास गुंगीत अडला, तर तोंड उघडून नळी घालायलाच जागा नसते. रुग्णालयात अशा माणसाला जागे ठेवून, नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने आधी नळी घालतात आणि मगच भूल देतात. हे काम होते, सुरक्षित होते, पण त्याची तयारी आधीपासून हवी. मी ही चाचणी प्रत्येकाची करतो, आणि बायकोसमोर ‘कधीतरी खातो’ म्हणणाऱ्या माणसाची बोटेच खरे सांगून जातात.

चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणावी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून चालूही ठेवू नये. हृदयविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. उपाशी राहायचे असल्याने मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचे वेळापत्रक बदलते, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या तर काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. दारूचे प्रमाण खरे सांगावे. आम्ही ते घरच्यांना सांगत नाही.

उपास आणि उपाशी

एकदा संकष्टीच्या दिवशी अक्कलदाढेसाठी एक बाई आल्या. ‘काही खाल्ले का?’ म्हटल्यावर त्यांनी ठामपणे सांगितले, ‘छे, आज उपासच आहे.’ मी पुढे विचारले, ‘उपासाचे काय घेतले?’ तेव्हा कळले की सकाळी सात वाजता वाटीभर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू आणि दुधाची कॉफी झाली होती. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. चूक आमच्याकडची होती, कारण आदल्या दिवशी फोनवर त्यांना फक्त ‘उपाशी या’ एवढेच सांगितले गेले होते. त्या दिवशी काम पुढे ढकलले. तेव्हापासून मी शब्दांऐवजी घड्याळाचे काटे सांगतो.

भुलीत पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकते, आणि जठरातले आम्ल फुप्फुसात गेले तर जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो; उपाशी राहण्याचे कारण एवढेच. तळलेले आणि तेलातुपाचे जेवण आठ तास आधी संपावे. वरणभात, पोळी, बिस्कीट, गाईचे किंवा म्हशीचे दूध आणि दुधाचा चहा सहा तास आधी. आईचे दूध चार तास आधी. साधे पाणी, साखरपाणी, गाळलेला गर नसलेला सफरचंदाचा रस दोन तास आधीपर्यंत चालतो, आणि तो आवर्जून द्यावा, कारण मे महिन्याच्या इंदूरच्या उन्हात सहा तास तहानलेले मूल चिडचिडे होते आणि त्याची शीरही सापडत नाही. भूलतज्ज्ञांनी याहून निराळी वेळ दिली असेल तर तीच पाळावी.

आता हे आपल्या घरच्या दिनक्रमात बसवून पाहावे. सकाळी साडेसातची वेळ असेल तर रात्री साडेअकराला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खाल्लेली कचोरी किंवा गराडू (तळलेला कंद) ही शेवटच्या मर्यादेवर आली. त्या रात्री सराफा टाळावा आणि साडेआठच्या आत साधे जेवण करावे. सकाळचे पोहे-जिलेबी अर्थातच नाही. ताक, लस्सी, नारळाची मलई, रसना घातलेले दूध यांपैकी काहीही ‘पाणी’ या सदरात येत नाही. त्या सकाळी च्युइंगगम, सुपारी, बडीशेप हेही तोंडात नको.

मुलांच्या बाबतीत घरातील प्रत्येकाला हे सांगणे गरजेचे आहे. मुलाला कोमेजलेले पाहून आजीचा जीव राहत नाही, आणि चहात बुडवलेले एक बिस्कीट कोणाच्या लक्षात येण्याआधी पोटात जाते. मी थिएटरबाहेर मुलालाच हळूच विचारतो, ‘आज सकाळी काय खाऊ मिळाला?’ मुले खरे सांगतात. खाल्ले असेल तर कृपया लगेच सांगावे. काम काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी होते, आणि आम्ही आजीला रागावत नाही.

त्या दिवशी

नखांचे पॉलिश आधी पुसावे. गडद मेंदीमुळेही कधीकधी ऑक्सिमीटरला बोटावरून नीट वाचता येत नाही, म्हणून लग्नसराईत निदान एक-दोन बोटे मेंदीविना ठेवावीत. मुलाला ढिला, पुढून उघडणारा सदरा घालावा, आवडते खेळणे किंवा अंगाशी घेऊन झोपायची चादर सोबत आणावी. शिरेत सुई टोचण्याच्या जागी बधीर करणारे मलम लावायचे असेल तर ते सुमारे तासभर आधी लावावे लागते, हे विचारून ठेवावे. ‘डॉक्टर काही करणार नाहीत, फक्त बघणार आहेत’ असे मुलाला सांगू नये. ‘नाकावर फुग्यासारखे मऊ काहीतरी ठेवतील, तू फुंकर घालशील, झोप लागेल, आणि उठशील तेव्हा मी तिथेच असेन’ असे सांगावे, आणि ते पाळावे.

मास्कमधून वायू हुंगताना मूल काही क्षण हातपाय झाडते, डोळे फिरवते. आईला ते पाहवत नाही, पण ही झोपेची नेहमीची पायरी आहे. शुद्धीवर येताना काही मुले दहा ते तीस मिनिटे भान नसल्यासारखी रडतात, आईलाही ढकलतात. त्यांना दुखतेच असे नाही. जवळ घेऊन, दिवा मंद करून, कमी बोलून थांबावे. नाकातून नळी घातली असल्यास नाकात थोडे रक्त येते आणि घसा एक-दोन दिवस खवखवतो.

घरी नेताना आणि घरी गेल्यावर

मुलाला स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. कार किंवा रिक्षा करावी आणि सोबत दोन मोठी माणसे असावीत: एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने मागे बसून मुलाच्या हनुवटीकडे लक्ष ठेवावे. झोपाळलेल्या मुलाची हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट चेपते. हनुवटीखाली दोन बोटे ठेवून मान वर धरावी आणि नाकाशी तळहात नेऊन श्वास लागतो का ते पाहत राहावे. घरी आल्यावर कुशीवर झोपवावे आणि पहिले काही तास त्याच खोलीत कोणीतरी जागे असावे.

आधी पाण्याचे घोट, ते टिकले तर तासाभराने मऊ खिचडी, गार वरणभात, दही. दात काढला असेल तर त्या दिवशी स्ट्रॉने पिऊ नये आणि चूळ खळखळून भरू नये, कारण खाचेतली रक्ताची गुठळी निघून येते. ओठ दोन-तीन तास बधीर राहतो आणि मुले गंमत वाटून तो चावतात; संध्याकाळपर्यंत ओठ सुजून जखम झालेली मी पाहिली आहे, म्हणून तोवर लक्ष ठेवावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे लिहून दिलेल्या मात्रेत द्यावे. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. मोठ्या रुग्णाने २४ तास गाडी चालवू नये, एकट्याने गॅसपाशी उभे राहू नये आणि कोणत्याही कागदपत्रांवर सही करू नये. स्वतःला ठणठणीत वाटत असले तरी मिडॅझोलॅमनंतरची स्मृती आणि विवेक त्या दिवशी भरवशाचे नसतात.

मूल हाक मारूनही जागे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा श्वासाला घरघर असेल आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, तर फोनवर सल्ला घेत वेळ घालवू नये; १०८ ला कॉल करावा किंवा सरळ जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. स्वच्छ गॉजची घडी वीस मिनिटे घट्ट चावून धरूनही रक्त थांबत नसेल, उलट्या थांबत नसतील किंवा ताप १०१ च्या वर चढत असेल तर त्याच दिवशी दंतवैद्यांना कळवावे.

रुग्णालयातून निघताना भुलीच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी आणि ती लसीकरणाच्या कार्डाशेजारी ठेवावी. कोणते औषध किती दिले, नळी कोणत्या मापाची बसली, शुद्धीवर येताना काही अडचण आली का, हे सगळे त्यात असते, आणि पुढे हात मोडला किंवा अॅपेंडिक्सची वेळ आली तर रात्री दोन वाजता उठून येणारा माझ्यासारखा कोणीतरी तो कागद सर्वांत आधी वाचतो.